हौसाबाई चौगुले यांचा उजवा गुडघा

“लावलासा काय डाक्टर?”

“लावलंय मावशी. चालू आहे.”

“मग काय वाटंना कसं?”

“यात काही वाटत नाही. तसंच असतं ते.”

“शेक न्हाई, झिणझिण्या न्हाईत, सुई न्हाई. निस्ता लाल ठिपका. ह्येनं माझा गुडघा बरा हुनार?”

“लाल ठिपका नुसती जागा दाखवायला असतो. काम करणारा उजेड डोळ्यांना दिसत नाही.”

हौसाबाई चौगुले पडद्यापलीकडे बाकावर बसलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ऐकलंसा का गं? न दिसणारा उजेड लावत्यात मला. माझं दुखणं बी कुणाला दिसत न्हाई, तवा जोडी झ्याक जमली!”

बाहेर हशा पिकला. त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या मुलाणी सिस्टरचा होता.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, फिजिओथेरपीची पदवी हातात येऊन चार महिने झाले होते आणि वारणाकाठच्या शिरसवाडीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात मला नोकरी लागली होती. शिरसवाडीत ऊस उदंड आणि गुडघेदुखी त्याहून उदंड. दवाखान्याचे मुख्य डॉक्टर मगदूम हाडांचे डॉक्टर होते. कमी बोलायचे, आणि बोलले की नियमच बोलायचे. गुडघ्यांच्या झिजेवर वापरायचं लेझरचं यंत्र ट्रस्टनं घेतलं, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, “कारखानीस, या यंत्रानं गुण किती येतो याचा अभ्यास करायचाय. चाळीस रुग्ण घ्यायचे. प्रत्येकाला दहा बैठका. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोबत व्यायाम. दर वेळी दुखणं किती ते विचारून कार्डावर लिहायचं. आणि एका घरातून एकच माणूस. नाहीतर चाळीसच्या चाळीस जागा दोन भावक्यांतच संपतील.”

नियम मला मनापासून पटला. त्या वयात मला सगळेच नियम पटत.

आता माझी एक अडचण सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. मी पेणचा, घरात आई आणि तीन मावश्यांच्या देखरेखीखाली वाढलेला. तरीही अनोळखी बाईला “लुगडं गुडघ्याच्या वर घ्या” म्हणताना माझे कान तापायचे. म्हणून मी एक युक्ती काढली होती. पेशंट पडद्याआड येऊन टेबलावर बसली की नजर थेट गुडघ्यावर न्यायची आणि काम संपेपर्यंत तिथून हलवायची नाही. त्यात लेझर लावताना तिच्याही डोळ्यांवर गॉगल आणि माझ्याही. तिच्या डोक्यावर पदर. माझ्यापुरता पेशंट म्हणजे गुडघा. दुखणं मोजायला माझ्याकडे एक तक्ता होता, त्यावर हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहरे काढलेले, शून्य ते दहा. तो मी प्रत्येकीसमोर धरायचो. म्हणजे कागदावरचे चेहरे मी रोज दाखवत होतो, आणि समोरचा एकही बघत नव्हतो.

पहिल्या सोमवारी हौसाबाईंचं कार्ड मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. वय चौसष्ट. उजव्या गुडघ्याची झीज. दुखणं आठ. गुडघ्याच्या आतल्या बाजूला गोंदणाचे पाच हिरवट ठिपके.

“हे कधीचं?” मी विचारलं.

“बारकी असताना बांधावरनं पडली हुती. गुडघा ह्यो एवढा सुजला. आयनं जत्रत गोंदून घेतलं. गोंदलं की दुखणं ऱ्हातंय म्हनायचे तवा.”

“राहिलं का?”

“ऱ्हायलं की. पन्नास वरसं. आता शाई जुनी झाली.”

गोंदणाची शाई लेझरचा उजेड शोषून घेते आणि तापते, म्हणून त्या जागी लेझर लावायचा नसतो. मी कार्डावर ठिपक्यांची जागा काढली आणि तिच्याभोवती लाल गोल केला. मग माझा ठरलेला प्रश्न विचारला, “रोजच्या कामात सगळ्यात जास्त अडतं कुठं?”

“उकिडवं बसाय येत न्हाई. चंद्रीची धार काढाय बसली की चरवी गुडघ्यांत धरायची का गुडघा हातांत धरायचा?”

“घरातलं दुसरं कुणी नाही काढत धार?”

“चंद्री सोडती व्हय पान्हा दुसऱ्याला! रेडकू हुती तवापासनं माझ्या हाताखालची हाय ती. लेक बसला, लाथ. सून बसली, लाथ.”

“मग तुम्ही स्टुलावर बसून काढा.”

“काढली की. स्टूल गेलं उकिरड्यात आनि मी शेनात.”

बाहेर पुन्हा हशा. पण पुढचं हौसाबाई हळू आवाजात बोलल्या. त्यांचा मुलगा बाजीराव वैतागला होता. आईला बसता येत नाही, म्हैस दुसऱ्याला हात लावू देत नाही, दूध कासेत राहून एकदा कास सुजली, डॉक्टर आणावा लागला. त्यानं सांगून टाकलं होतं की तीन आठवड्यांनी, मंगळवारच्या बाजारात, चंद्री विकायची. जनावरांचे व्यवहार करणाऱ्या हेड्याला शब्दही देऊन ठेवला होता.

“तवर मला बसाय आलं पायजे, डाक्टर. नायतर ती जाती.” एवढं बोलून त्यांनी नाक ओढलं.

अशा गुडघ्यांना उकिडवं बसू नका असंच आम्ही सांगतो. तेही मी सांगून पाहिलं. “त्ये चंद्रीला सांगा,” असं उत्तर आलं.

“बरं, किती वेळ बसता यायला हवं?”

“पाच मिन्टं.”

“पाच मिनिटांत म्हशीची धार काढून होते?”

“दहा लागत्यात. पर मला पाच बास.”

मला वाटलं, बाई फार समाधानी स्वभावाच्या आहेत. मी कार्डावर लिहिलं: उद्दिष्ट, पाच मिनिटं उकिडवं बसणं.

बुधवारी त्या पुन्हा आल्या. तेच हिरव्या काठाचं लुगडं, पेंड आणि गोठ्याचा तोच वास, तोच आवाज. मी गॉगल लावून तयारच होतो. गुडघ्याकडे पाहिलं तर ठिपके दिसेनात. माझ्या गॉगलच्या काचा हिरव्या होत्या. हिरव्या काचेतून हिरवं गोंदण कसं दिसणार, असं मी मनाशी म्हटलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. कार्डावरच्या लाल गोलाला सोडून बाकीच्या जागांवर लेझर लावला.

“तुमचं गाव कंचं म्हनायचं डाक्टर?” त्यांनी विचारलं.

सोमवारी मी त्यांना गाव, आई, तिन्ही मावश्या, सगळं सांगून झालं होतं. वयोमानानं विसरल्या असतील म्हणून पुन्हा सांगितलं. दुखणं विचारलं तर त्यांनी नऊवर बोट ठेवलं. एका बैठकीत एकानं वाढलं. मी जरा हिरमुसलो.

शुक्रवारी मी गॉगल लावायच्या आधीच गुडघा पाहिला. पाचही ठिपके जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला. दुखणं सहा. आनंदानं मी मुलाणी सिस्टरना चहा पाजला.

पुढच्या सोमवारी, पुन्हा गॉगल न लावता पाहिलं, तर ठिपके नाहीत.

मी बोटानं चाचपलं. रुमालानं पुसून पाहिलं. गुडघा कोरा.

“काय शोधतासा?” वरून आवाज आला.

“काही नाही, काही नाही,” मी म्हटलं आणि घाम पुसला.

त्या दिवशी खोलीवर जाऊन मी जाडजूड पुस्तक काढलं. लेझरनं गोंदण निघतं हे खरं, पण ते यंत्र वेगळं, त्याची ताकद वेगळी. आमच्या यंत्रानं ठिपका पुसणं म्हणजे फुंकर मारून भिंतीचा रंग काढणं. शिवाय मी तर त्या जागी लेझर लावलाच नव्हता. आणि समजा निघालं, तर एका म्हाताऱ्या बाईच्या आईची आठवण मी तिला न विचारता पुसून टाकली होती. मला जेवण गेलं नाही.

बुधवारी ठिपके परत आले. शुक्रवारी परत गेले.

तिथं मी शहाण्या माणसासारखं मान वर करून बघायला हवं होतं. त्याऐवजी मी ठरवलं की दोष माझ्या डोळ्यांत आहे, आणि कोल्हापूरला जाऊन नंबर तपासून घ्यायचा. कार्डावर दुखण्याचे आकडे पडत गेले: आठ, नऊ, सहा, आठ, पाच, सहा. शुक्रवारच्या रकान्यात मी बारीक अक्षरात लिहिलं, ‘गोंदण दिसत नाही’, आणि पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं.

तिसऱ्या आठवड्याचा सोमवार म्हणजे सातवी बैठक. बाजाराला आठ दिवस राहिलेले. रांग मोठी होती, मी घाईत होतो. गोंदण तर शुक्रवारपासून गेलेलंच आहे अशा समजुतीत मी गुडघा नीट पाहिलाच नाही आणि लेझरचं टोक थेट आतल्या बाजूला टेकवलं.

“आगं आयायाय! भाजलं गं! शेवंतेऽ!”

मी यंत्र बंद केलं, स्वतःचा गॉगल फेकला. टोकाखाली पाच हिरवट ठिपके होते, आणि मधल्या ठिपक्याभोवती कातडी लाल झाली होती. तेवढ्यात पडदा सर्रकन बाजूला झाला आणि भिंतीला धरून लंगडत एक बाई आत घुसली.

“काय झालं आक्का? काय केलं ह्येनं?”

मी तिच्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनीही गॉगल काढला होता. तेच रुंद कपाळ, तेच बसकं नाक, तीच हनुवटी. लुगडी तेवढी वेगळी. आयुष्यात पहिल्यांदा मी हौसाबाई चौगुले यांचा चेहरा पाहत होतो, आणि तो मला एकदम दोनदा दिसत होता.

“तुम्ही कोण?” मी आत आलेल्या बाईंना विचारलं.

त्या गप्प. टेबलावरच्याही गप्प. बाहेरचा बाकही गप्प. असला गप्पपणा शिरसवाडीच्या दवाखान्यात मी कधी ऐकला नव्हता.

“तुमचा गुडघा दाखवा.”

त्यांनी लाजत लुगडं वर घेतलं. कोरा गुडघा. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, एवढं एकच त्या क्षणी मला बरं वाटलं.

“ही शेवंता,” हौसाबाई म्हणाल्या. “माझी धाकली भन. आनि जाऊ बी. दोघी भनी एकाच घरात दिल्या, थोरल्याला मी, धाकल्याला ही. एकाच मांडवात.”

“सख्ख्या बहिणी, सख्ख्या जावा,” पडद्यातून डोकं घालून मुलाणी सिस्टरनी खुलासा केला.

“आणि तुम्ही आळीपाळीनं माझ्याकडे येत होता?”

“मग काय करनार? कारड घरात एकच दिलासा. गुडघं हायत चार,” हौसाबाई म्हणाल्या. “आमच्याकडं वाटणी आशीच आस्ती. सासूनं पाटल्यांचा एक जोड दिला, एक हिच्या हातात, एक माझ्या. तुमी धा बैठका दिलासा. पाच हिच्या, पाच माझ्या.”

मी भाजलेल्या जागेवर थंड पाण्याची घडी धरून बसलो होतो. मला राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता, त्याचाच मला राग आला. “मावशी, अहो, औषध असं वाटून घेतात का? दहाच्या दहा बैठका तुम्ही घेतल्या असत्या तर तुमचा गुडघा आणखी सुधारला असता. म्हैस वाचवायचीय ना तुम्हाला? चंद्री तुमच्याच हाताची आहे ना?”

“चंद्री माझ्या हाताची हाय. पर माझी एकलीची न्हाई.” हौसाबाई सरळ झाल्या. “आनि ही काय करनार हुती? मी टुनकन बसनार, टुनकन उठनार, आनि हिनं भिंत धरून दारातनं बघायचं? चाळीस वरसं एका चुलीम्होरं बसलाव आमी. मला त्ये दूध गोड लागंल व्हय?”

शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “मी नगं म्हनत हुती डाक्टर. आक्का आयकती व्हय कुनाचं?”

मला माझी आई आठवली. पेणला तिच्या तिन्ही बहिणी जेवायला बसल्या की एक पापड चौघींत मोडायच्या आणि त्यातला मोठा तुकडा दुसरीच्या पानात टाकण्यावरून भांडायच्या.

बाहेर आल्यावर मी मुलाणी सिस्टरना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“सर, बाकावर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. दर वेळी दोघी यायच्या, त्या लुगड्याची अदलाबदल माझ्याच खोलीत व्हायची.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही कधी मान वर केलीत? केली असती तर डोळ्यानं खुणावलं असतं की.”

कार्ड घेऊन मी डॉक्टर मगदूमांसमोर उभा राहिलो. लपवणं सोपं होतं, एक कार्ड फाडून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण गोंदणावर लेझर मी लावला होता, आणि ते लपवून पुढं कुणाच्या गुडघ्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती. मी सगळं सांगितलं. मगदूम सरांनी कार्डावरचे चढउतार पाहिले.

“हा आलेख आहे की करवत?”

“सर.”

“गोंदणावर लेझर लागला ही चूक तुझी.”

“हो सर.”

“सात बैठका होऊन पेशंट कोण ते माहीत नाही, ही त्याहून मोठी.”

“हो सर.”

“हे कार्ड अभ्यासातून बाद. नियम म्हणजे नियम.”

मी मान खाली घातली. “सर, पुढच्या मंगळवारी त्यांची म्हैस...”

“मी अभ्यासातून बाद म्हटलं. दवाखान्यातून म्हटलेलं नाही. दोघींचे वेगळे केसपेपर काढ. पाचनंतर यंत्र रिकामंच असतं. आणि त्या ठिपक्यांपासून दोन बोटं लांब.” मी दारापर्यंत पोहोचल्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, “त्या दोघींत थोरली कोणती, हे मलासुद्धा वीस वर्षांत ओळखता आलेलं नाही. पण मी निदान विचारतो.”

बुधवार, शुक्रवार आणि सोमवार, तिन्ही दिवस दोघी बहिणी पाच वाजता आल्या. टेबलावर शेजारी शेजारी, दोघींच्या डोळ्यांवर हिरवे गॉगल. मी दर वेळी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो, मग नाव विचारायचो, मग गुडघा. तीन दिवसांत मला त्या ओळखू यायला लागल्या. हौसाबाई बोलायच्या आधीच हसायच्या, शेवंताबाई बोलून झाल्यावर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचे स्नायू आवळायचा व्यायाम त्या घरी इतक्या इमानदारीनं करत होत्या की बाजीरावानं घरातले सगळे टॉवेल गायब झाल्याची तक्रार केली. दुखणं खरंच उतरत होतं. त्यात लेझरचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि हट्टाचा किती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

शेवटच्या सोमवारी मी दोघींना जमिनीवर उकिडवं बसायला लावलं आणि घड्याळ धरलं. हौसाबाई साडेचार मिनिटं बसल्या, मग माझा खांदा धरून उठल्या. शेवंताबाई पाच मिनिटं. धार काढायला दहा लागतात. मी घड्याळ खिशात टाकलं.

“मावशी, मला माफ करा. आणखी महिना मिळाला असता तर...”

त्या दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. एक आधी, एक नंतर.

“झालं की काम!” हौसाबाई म्हणाल्या. “सांजच्याला धारंच्या वक्ताला घरी या. मुलाणीबाय, तुमी बी चला.”

चौगुल्यांच्या गोठ्यात आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कट्ट्यावर हेडी बशीत ओतून चहा पीत होता. बाजारात न्यायच्या आधी म्हैस दूध किती देते ते त्याला डोळ्यानं बघायचं होतं. बाजीराव हाताची घडी घालून दाराशी उभा होता. माणूस वाईट नव्हता. आईच्या गुडघ्यांकडं बघून त्याचाही चेहरा पडला होता. आणि मधोमध चंद्री, काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा, एखाद्या पाटलिणीसारखी रवंथ करत उभी.

हौसाबाई आल्या. आज त्यांच्या अंगावर दुसरंच लुगडं होतं. हिरव्या काठाचं शेवंताबाईंनी नेसलं होतं. हौसाबाईंनी कास धुतली, चंद्रीच्या पाठीवर थोपटलं, “ये गं माझी बाय,” म्हणाल्या आणि हळूहळू खाली बसल्या. चरवी गुडघ्यांत धरली. चंद्रीनं पान्हा सोडला. पहिली धार पितळेवर वाजली आणि बाजीरावाचे घडी घातलेले हात सुटले.

मी घड्याळ काढलं नाही, पण मनात मोजत होतो. दोन मिनिटं. तीन. चार. फेस वर येत होता. मग हौसाबाईंचा डावा हात जमिनीकडे गेला. गुडघा थरथरायला लागला होता.

“आई, बास झालं, ऊठ आता,” बाजीराव म्हणाला. हेड्यानं बशी खाली ठेवली. चरवी जेमतेम निम्मी होती.

“शेवंते,” हौसाबाईंनी हाक मारली.

शेवंताबाई बहिणीच्या अगदी खांद्याला खांदा लावून उकिडव्या बसल्या. आधी दोन सडांना त्यांनी हात लावला, दोन हौसाबाईंच्याच हातात होते. चार हात एकाच तालात चालायला लागले. मग चरवी एकीच्या गुडघ्यांतून दुसरीच्या गुडघ्यांत गेली, थेंबही न सांडता, आणि हौसाबाई अलगद बाजूला सरकून म्हशीच्या तोंडाशी गेल्या.

चंद्रीनं रवंथ थांबवला. मान वळवून मागं पाहिलं. हिरव्या काठाच्या लुगड्याला नाक लावून एक लांब श्वास घेतला. मग शेवंताबाईंच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि मागचा एक पाय जमिनीवरून उचलला. बाजीराव पुढं झेपावला. मुलाणी सिस्टरनी माझं मनगट घट्ट धरलं.

“चंद्रे,” हौसाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, “आपलीच हाय.”

पाय खाली आला. रवंथ सुरू झाला. आणि चरवीतल्या फेसावर धारेचा तो भरीव आवाज पुन्हा घुमायला लागला.

‘मला पाच बास,’ असं ती बाई पहिल्या दिवशी का म्हणाली होती, ते मला आत्ता कळलं. पाच तिची, पाच धाकटीची. लुगडंही त्याचसाठी. ते एकच लुगडं दोघींनी तीन आठवडे आळीपाळीनं अंगावर घातलं होतं, एकदाही न धुता, म्हणजे चंद्रीच्या नाकाला दोघींचा वास एकच वाटावा.

“तरीच तो वास!” मुलाणी सिस्टर पुटपुटल्या. आणि मी गोठ्यात सगळ्यांदेखत डोळे पुसले. मला त्याची लाज वाटली नाही.

चरवी काठोकाठ भरली. बाजीरावानं ती शेवंताबाईंच्या हातून घेतली, आत नेऊन ठेवली, बाहेर आला आणि कट्ट्यापाशी जाऊन म्हणाला, “पावनं, च्या झाला न्हवं? मग निघा आता. अंधार पडायच्या आत पोचशिला.”

हेडी काठी उचलून निघून गेला. शेवंताबाई भिंत धरून उठत होत्या. मी त्यांना हात दिला. इतका वेळ मनात होतं ते बोलून टाकलं, “मावशी, बघा, तिलाही फसवलंत तुम्ही. कळलंच नाही तिला. अगदी माझ्यासारखंच.”

शेवंताबाईंनी माझ्याकडे नवलानं पाहिलं.

“कळलं न्हाई? आवं, पैल्या सेकंदाला कळलं तिला. म्हस हाय ती. डाक्टर न्हाई.”

गोठ्यात हशा पिकला. त्यात सगळ्यात मोठा आवाज, या वेळी, माझा होता.